'टेलनी'वर वाइल्डचे नाव कशासाठी?

१८९३ साली लंडनमध्ये लेनर्ड स्मिदर्स या प्रकाशकाने 'टेलनी' ही कादंबरी गुपचूप प्रसिद्ध केली. प्रती अवघ्या दोनशेच्या आसपास. लेखकाचे नाव नाही. दे ग्रियू हा तरुण आणि टेलनी हा हंगेरियन पियानोवादक यांच्या प्रेमाची ही शोकांतिका शरीरसंबंधांचे वर्णन कोणताही आडपडदा न ठेवता करते. आज तिच्या अनेक आवृत्त्यांवर ऑस्कर वाइल्डचे नाव झळकते. ते तिथे असू नये, असे माझे मत आहे.

वाइल्डच्या बाजूने मुख्य पुरावा एकच आहे: लंडनमध्ये दुकान चालवणारा फ्रेंच पुस्तकविक्रेता शार्ल हिर्श याची साक्ष. त्याच्या सांगण्यानुसार १८९० मध्ये वाइल्डने एक बंद पुडके त्याच्याकडे ठेवले. ते काहीजणांनी आळीपाळीने नेले आणि परत आणून दिले. हिर्शने आत डोकावले, तेव्हा त्याला निरनिराळी हस्ताक्षरे, खाडाखोड आणि भर घातलेला मजकूर दिसला. ही हकिगत छापली गेली १९३४ मध्ये, कादंबरीच्या फ्रेंच आवृत्तीसोबत. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

ही साक्ष अक्षरशः खरी मानली, तरी तिच्यातून काय सिद्ध होते? वाइल्डचा सहभाग, फार तर संपादकाची भूमिका. एकट्याचे कर्तृत्व नव्हे. शिवाय मूळ लंडनमधले कथानक प्रकाशकाने पॅरिसला हलवले, असेही हिर्शच सांगतो. म्हणजे संहितेवर आणखी एक हात फिरला. शैलीतील साम्याचा दाखला दिला जातो खरा. पण त्या दशकात वाइल्डच्या शैलीचे अनुकरण करणारे थोडे नव्हते. स्मिदर्सनेच १८९८ मध्ये वाइल्डची 'बॅलड ऑफ रीडिंग जेल' ही कविता प्रसिद्ध केली, हा धागा लक्षवेधी आहे. पण तो निर्णायक नाही.

या अनामिकतेला कारण होते. १८८५ च्या कायद्याने पुरुषा-पुरुषांतील शरीरसंबंध सरसकट दंडनीय ठरवले होते, आणि त्याच कायद्याखाली १८९५ मध्ये वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. नाव लपवल्यामुळेच हे लेखन शक्य झाले. त्या काळाने ज्यांना नाव सांगू दिले नाही, त्यांच्या वाट्याचे श्रेय आज आपण एका विख्यात नावाखाली पुसून टाकतो.

म्हणून ग्रंथसूचीत आणि अभ्यासक्रमात 'टेलनी'ची नोंद 'अनामिक' अशीच व्हावी. वाइल्डची चर्चा प्रस्तावनेत अवश्य करावी. मुखपृष्ठ मात्र कोरे ठेवावे.