बालनटीचे स्मरण

छत्रीबागेतील होळकरांच्या छत्र्या हे दगडांत जपलेले स्मरण होय; कलावंताचे स्मरण मात्र प्रेक्षकांच्या मनांतच राहते. २५ मार्च २०१४ रोजी निवर्तलेल्या अभिनेत्री नंदा यांचे स्मरण आम्हांस म्हणूनच अगत्याचे वाटते.

१९३९ साली कोल्हापुरास जन्मलेल्या नंदांचे वडील मास्टर विनायक १९४७ साली वारले. पुढच्याच वर्षी ‘मंदिर’ चित्रपटातून ‘बेबी नंदा’ लोकांपुढे आली. खेळण्याच्या वयात तिने घराचा भार उचलला. ‘छोटी बहन’ (१९५९) मधील बहिणीपासून ‘प्रेमरोग’ (१९८२) मधील आईपर्यंत त्यांनी निष्ठेने कलासेवा केली.

या निष्ठेस आमचे वंदन. तथापि, बालकाच्या मिळकतीवर घर चालणे ही अभिमानाची गोष्ट नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसास ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भागही त्याच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. परंतु नियमास डोळे नसतात. ते पालकांनी व प्रेक्षकांनी व्हावयाचे असते. चिमुकल्या कलावंतास टाळ्या अवश्य द्याव्यात. पण तो उद्या शाळेत येणार ना, हेही विचारावे.