विश्लेषण : पन्नाशीची ‘पद्मिनी’ व्हिंटेज ठरेल, पण ती खोलायची हत्यारे कुठून आणायची?

मुंबईची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली होती आणि टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची आहे. खासगी मालकांच्या पद्मिनी मात्र अजून घराघरांत, इमारतींच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यातल्या सर्वांत जुन्या गाड्या आता एका वेगळ्या रेषेजवळ पोहोचल्यात. १९७६ मध्ये पहिली नोंदणी झालेली गाडी २०२६ मध्ये पन्नास वर्षांची होते आणि पन्नाशी ओलांडली की तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मागता येते. ही नोंदणी मिळवायची तर गाडी मूळ रूपात हवी. आणि गाडी मूळ रूपात ठेवायची तर ती खोलणारी, ठोकणारी, जुळवणारी हत्यारे हवीत. अडचण इथेच आहे.

नियम नेमका काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरतात. अट अशी, की चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. त्यानंतर दर ५ वर्षांच्या नूतनीकरणाला ५ हजार. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

तुलनेसाठी, २० वर्षांहून जुन्या साध्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झाले. म्हणजे विशी आणि पन्नाशीच्या मधल्या गाड्यांना सवलत नाही, उलट दर पाच वर्षांनी भुर्दंड. या तीस वर्षांत बहुतेक गाड्या भंगारात जातात. ज्या टिकतात त्या कुठल्या तरी मिस्त्रीच्या जिवावर.

हत्यारांचा प्रश्न कुठे येतो?

गाडीचे सुटे भाग शोधावे लागतात हे सगळ्यांना माहीत असते. हत्यारेही शोधावी लागतात, हे गॅरेजबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. पूर्वी कंपन्या प्रत्येक मॉडेलसाठी खास हत्यारे बनवत आणि अधिकृत डीलरला देत. ब्रिटिश गाड्यांसाठी ‘चर्चिल’ या नावाची हत्यारे प्रसिद्ध होती. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ‘अमुक क्रमांकाचे हत्यार वापरा’ असे सरळ लिहिलेले असते. मॅन्युअलची झेरॉक्स आज मिळते. ते हत्यार डीलर बंद झाला त्या दिवशीच किलोवर गेलेले असते.

मग मिस्त्री ते हाताने बनवतो. जुन्या जॅग्वार मार्क २ चे उदाहरण घ्या. तिच्या मागच्या चाकाचा हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो. हातोडीने ठोकला तर धक्का थेट बेअरिंगवर जातो. त्यासाठी जाड पोलादी प्लेटला भोके पाडून मधोमध मोठा आटेदार बोल्ट बसवलेला पुलर लागतो. बोल्ट पिळला की ताण सगळीकडून सारखा येतो आणि हब ‘टक्’ असा आवाज करत सुटतो. असा पुलर लेथवर एखाद्या दिवसात तयार होतो. प्लेट किती जाड घ्यायची आणि आटे किती बारीक ठेवायचे, हे मात्र अनुभवी टर्नरलाच उमगते.

क्लच जुळवण्याचे हत्यार याहून साधे. गिअरबॉक्सचा जुना, दात झिजलेला इनपुट शाफ्ट कापून ठेवायचा आणि क्लच प्लेट मधोमध धरायला वापरायचा. दोन दात असलेला गोल नट खोलायचा तर लोखंडी पाइपच्या तोंडावर ग्राइंडरने तसेच दोन दात काढायचे. याला कुणी ‘जुगाड’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. एका ठरावीक कामासाठी मोजून बनवलेल्या वस्तूला इंजिनीअरिंगच्या भाषेत ‘फिक्श्चर’ म्हणतात आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतात.

नेहमीचे पाने का चालत नाहीत?

पद्मिनीला चालतात. ती मूळची इटालियन फियाट ११००, त्यामुळे नट-बोल्ट मेट्रिक. खरी गंमत जुन्या ब्रिटिश गाड्यांत आहे. त्यांचे आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे, ५५ अंशांच्या कोनाचे. पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही, तर बोल्टचा व्यास सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर असते. १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल बसून नटाचे कोपरे गोल करतो. एकदा कोपरे गेले की छिन्नी आणि गॅस कटिंग, म्हणजे मूळ भागाचे नुकसान ठरलेले.

पन्नासच्या दशकात ब्रिटिश मोटारी वेगळ्या आट्यांकडे वळल्या. ‘मॉरिस ऑक्सफर्ड’वरून आलेल्या आपल्या ‘ॲम्बेसेडर’ला त्यामुळे व्हिटवर्थचे पाने लागू पडत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एकाच तोंडावर दोन आकडे कोरलेला पाना दिसला, तर तो बहुधा त्या आधीच्या काळातला असतो.

पत्र्याचे काम वेगळेच

‘बॉडीत फेरबदल नको’ ही अट सर्वांत जड पडते ती डेंटरवर. हल्लीच्या गाडीचा चेपलेला दरवाजा बदलला जातो. जुन्या गाडीचा दरवाजा मिळतच नाही, म्हणून पत्रा पुन्हा आकारात आणावा लागतो. आतून डॉली, म्हणजे हातात मावणारी छोटी ऐरण, आणि बाहेरून हातोडी. ज्या वळणाचा पत्रा, त्या वळणाची डॉली. म्हणून चांगल्या डेंटरकडे स्वतः घासून आकार दिलेल्या डॉलींचा ढीग असतो. चेपलेला पत्रा ताणला गेलेला असतो. त्याला टॉर्चने ठिपक्यापुरते तापवून ओल्या फडक्याने थंड केले की तो आकसतो. उरलेल्या खळग्यांत पूर्वी शिसे-कथिलाचा मिश्रधातू लाकडी पट्टीने पसरत. पट्टीला चरबी लावायची, म्हणजे धातू चिकटत नाही. आज त्या जागी पुट्टी भरतात. काम झटपट होते आणि खाली गंज सुरू राहतो. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंडाचा तुकडा काटकोनात आणताना ज्यांचे हात भरून आले, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

‘ई-२०’ने काय बदलले?

२०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. या मिश्रणाला ती साडेतेराच्या आसपास लागते. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने इंधन देतो, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. शिवाय जुने रबर आणि बुचाचे गॅस्केट इथेनॉलपुढे टिकत नाहीत.

उपाय म्हणजे जेट बदलणे किंवा किंचित मोठे करणे. त्यासाठी चिमटीत धरायच्या पिन व्हाइसमध्ये मिलिमीटरच्या अंशांनी वाढत जाणारे ड्रिल लावतात आणि हाताने फिरवतात. मशीन लावले तर भोक बिघडते. ब्रिटिश ‘एसयू’ कार्ब्युरेटरची तपासणी तर कानाने होते. आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर इंधन जास्त, पडला तर कमी, क्षणभर वाढून स्थिरावला तर बरोबर. दोन कार्ब्युरेटर असतील तर रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे हवेच्या तोंडाशी. दोन्हीकडची फुसफुस सारखी झाली की काम झाले.

थ्रीडी प्रिंटिंग आहे की?

आहे, आणि ते चालतेही. पोर्शेने ‘९५९’ या दुर्मीळ गाडीच्या क्लचचा लीव्हर २०१८ मध्ये लेझरने पोलादाची भुकटी वितळवून छापला. पण कंपनीकडे मूळ आराखडे होते. प्रीमियरची गाडी घेऊन कुठे जाणार? तिथे आधी कुणीतरी हत्यार मोजून, रेखाटून ठेवायला हवे. हे काम खर्चिक नाही. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, टूल अँड डाय मेकर हे ट्रेड आजही शिकवले जातात. जुन्या मिस्त्रीच्या पेटीतला एकेक पुलर मोजून त्याचे ड्रॉइंग करणे हा तिथल्या मुलांसाठी चांगला प्रकल्प होऊ शकतो. सध्या मिस्त्री निवृत्त होतो, मुलगा दुसऱ्या धंद्यात जातो आणि पेटी भंगारवाल्याकडे. त्या पेटीतल्या अर्ध्या वस्तू कशासाठी होत्या हे घरच्यांनाही माहीत नसते.

मालकांनी काय करावे?

गाडी पन्नाशीला आली असेल तर आधी दुरुस्ती, मग अर्ज. बॉडी कापण्यापूर्वी किंवा इंजिन बदलण्यापूर्वी अट पुन्हा वाचा, कारण ‘सोपी’ दुरुस्तीच व्हिंटेज दर्जा घालवू शकते. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. अर्ज ‘फॉर्म २०’वर करायचा आहे. सोबत वैध विमा, शुल्क आणि आधीचे नोंदणी प्रमाणपत्र लागते, तर गाडी आयात केलेली असेल तर सीमाशुल्काची ‘बिल ऑफ एंट्री’. नियमानुसार नोंदणी प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळायला हवे.