निवडायचे तर दोन्ही हाती हव्यात



आपल्या पत्रिकेसाठी मुलांचे लेखन येते तेव्हा त्यासोबत घरून एक निरोपही बहुधा येतो : "छापण्याआधी भाषा तेवढी नीट करून घ्या." नीट म्हणजे पुण्याच्या वर्तमानपत्रात शोभेल अशी. 'चाबी'ची किल्ली करा, 'ताला' काढून कुलूप लावा, 'नानीच्या घरी'च्या जागी 'आजोळी' लिहा. या निरोपामागची काळजी आम्हाला कळते. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलेले आपले मूल 'माझी पुस्तक' म्हणते आणि मामे-मावस भावंडे खो खो हसतात, हे कोणत्या आई-वडिलांना आवडेल? तरीही या निरोपाशी आमचे पटत नाही. का पटत नाही, ते आज मोकळेपणाने सांगावेसे वाटते.

वरच्या वर्गांतली मुले हल्ली इंग्रजीतून स्थलांतरितांच्या कथा-कादंबऱ्या आवडीने वाचतात. झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' ही २००३ सालची कादंबरी अनेकांना ठाऊक आहे. अमेरिकेत वाढणारा बंगाली मुलगा गोगोल, त्याला नकोसे झालेले त्याचे नाव, घरात एक जग आणि दाराबाहेर दुसरे. मुलांना हे चटकन भिडते. पण अशी गोष्ट आपल्याही घरात चालू आहे, हे मात्र त्यांच्या मनात येत नाही. दोन संस्कृतींमध्ये जगायचे तर विमानात बसून समुद्र ओलांडावा लागतो, अशी काहीशी समजूत झाली आहे.

इंदूरच्या मराठी माणसाने समुद्र ओलांडला नाही. आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे पूर्वज अठराव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आले. कुणी तलवार घेऊन आले, कुणी दौत-लेखणी, कुणी पोथी. नंतरच्या काळात नोकरीसाठी आणखी घरे आली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. आपण होतो तिथेच राहिलो आणि आपल्याभोवतीचे कामकाज, शाळा, बाजार हिंदीचा झाला. आज पुष्कळ घरांत आजी मराठीत विचारते, वडील दोन्ही भाषा मिसळून बोलतात आणि नातू हिंदीत उत्तर देतो. तिघांनाही एकमेकांचे कळते, म्हणून कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. पण पुढच्या पिढीत आजीच्या जागी कोण बोलणार, हा प्रश्न उरतोच.

इथे लाहिरींच्याच आयुष्यातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्रजीत मोठे नाव झाल्यावर, २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाल्यावर, त्या पुढे इटालियन शिकल्या, रोमला जाऊन राहिल्या आणि २०१५ साली त्यांचे इटालियन भाषेतले आत्मपर पुस्तक आले. आईची बंगाली आपल्याला बोलता येते, पण लिहिता-वाचता धड येत नाही, याची खंत त्यांनी त्यात मांडली आहे. एवढी थोर लेखिका, तिसरी भाषा कष्टाने मिळवून तीत पुस्तक लिहिते. पण घरातली भाषा लेखणीपर्यंत पोचलेली नसते. तिच्यापुढे बंगाली की इंग्रजी, असा पर्यायच उरला नव्हता.

आता आपल्या माळव्यातले उदाहरण घेऊ. १९१७ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी शेजारच्या ग्वाल्हेर संस्थानात दोन मराठी घरांत दोन मुलगे जन्मले : श्योपूरला गजानन माधव मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरला प्रभाकर माचवे. १९४३ साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' हा हिंदी नवकवितेचा गाजलेला संग्रह काढला, त्यातल्या सात कवींमध्ये हे दोघेही होते. माचवे हिंदीबरोबर मराठीतही लिहीत राहिले. मुक्तिबोधांनी मात्र हिंदी धरली. इंदूरच्या होळकर कॉलेजात ते शिकले, पुढे राजनांदगावच्या कॉलेजात त्यांनी शिकवले आणि १९६४ साली ते गेले. त्याच वर्षी त्यांचा 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. आज त्यांना वगळून आधुनिक हिंदी कवितेचा इतिहास लिहिता येत नाही.

त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध. तेच घर, तेच आई-वडील, तोच माळवा. त्यांनी मराठी धरली. कविता लिहिल्या, तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या पहिलीचे नाव 'क्षिप्रा', म्हणजे उज्जैनची नदी. त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या दोघा भावांविषयी आपल्या मंडळींत नेहमी एक हळहळ ऐकू येते : "थोरला हिंदीत गेला हो, मराठीत असता तर!" आम्हाला ही हळहळ अनाठायी वाटते. काका कालेलकर साताऱ्याचे, पण त्यांना १९६५ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गुजराती पुस्तकासाठी. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी, आणि ज्ञानपीठ मिळाले कन्नड कवितेला. यांतल्या कुणाचे काही हरवले असे आम्ही मानत नाही. गजानन मुक्तिबोधांना मराठी येत नव्हती म्हणून ते हिंदीत गेले नाहीत. दोन्ही भाषा हाती होत्या, त्यांतली एक त्यांनी उचलली. भावाने दुसरी उचलली. निवड म्हणतात ती ही. आपल्या मुलांनी उद्या हिंदीत लिहिले, इंग्रजीत लिहिले, तर आम्हाला आनंदच होईल. दुःख होईल ते मराठीत लिहिणे त्यांच्या हातातच नव्हते म्हणून त्यांनी तसे केले, तर.

मग मराठी हातात कशी राहील? पालक म्हणतात, शुद्ध करून. आम्ही म्हणतो, आधी लिहिती करून. जे मूल 'चाबी' लिहिते त्याच्या हातून आपण ती चाबी काढून घेतो आणि किल्ली देतो. छापलेला निबंध देखणा होतो, पण मुलाला कळते की हे आपले बोलणे नव्हे. दोन-तीन वेळा असे झाले की ते मराठीत लिहायचेच सोडते. हिंदीच्या वहीत त्याला कुणी हसत नाही.

प्रकाश नारायण संतांची लंपनची पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत : 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा बेळगावकडच्या सीमाभागात वाढतो. त्याच्या आसपास कन्नड आहे आणि त्याच्या मराठीत ती सहज मिसळते. संतांनी ती मराठी धुऊन पुसून पुण्याची केली असती तर लंपन उरला असता का? त्या मिसळीसकट महाराष्ट्राने त्याला कडेवर घेतले. २०२४ साली त्याच्यावर मालिकाही निघाली. सीमेवरची मराठी पुस्तकात चालते, तर माळव्यातली का चालू नये? पोहे-जिलबीच्या गाडीवर दोन्ही भाषांत ऑर्डर देणारा, राजवाड्यासमोर मित्रांशी हिंदीत भांडून घरी मराठीत तक्रार सांगणारा मुलगा अजून कुणी लिहिलेला आमच्या वाचनात नाही. तो आपल्याच एखाद्या वर्गात बसला असेल.

यावर कुणी म्हणेल, मग व्याकरण सोडून द्यायचे का? मुळीच नाही. मराठीच्या तासाला पुस्तक नपुंसकलिंगीच राहील, आणि 'माझी पुस्तक' लिहिले तर परीक्षेत गुण जातील. प्रमाण मराठी यायलाच हवी; ती आली नाही तर मुलांना ज्ञानेश्वरांपासून लंपनपर्यंतचे काहीच वाचता येणार नाही. शिवाय परदेशातल्या मराठी मुलांपेक्षा आपल्या मुलांचे काम पुष्कळ सोपे आहे. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येतेच. 'ळ' वळवायचा, 'चमचा' आणि 'चंद्र' यांतल्या च-च मधला फरक कानात भरायचा, काही शब्दांची लिंगे बदलून घ्यायची. एवढ्यासाठी घाबरून जायचे कारण नाही. फक्त व्याकरणाची वही आणि मनातले सांगायचा कागद हे दोन वेगळे ठेवले पाहिजेत.

इंदूरने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलने पाहिली. त्यांचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण संमेलनाचा मांडव चार दिवसांनी उतरतो. भाषा टिकते ती घरात कुणीतरी तिच्यात पत्र, गोष्ट, निदान फ्रिजवरची चिठ्ठी लिहिते म्हणून.

म्हणून पुढच्या अंकाची पद्धत आम्ही अशी ठरवली आहे. मुलांच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे सुधारू. शब्द बदलणार नाही. नानी नानीच राहील. विषय एकच : 'आमच्या घरातले बोलणे'. आजी कोणता शब्द वापरते जो तुम्ही वापरत नाही? भांडण कोणत्या भाषेत होते आणि समजूत कोणत्या? हिशेब कोणत्या भाषेत करता, देवाला काय मागता तेव्हा कोणती भाषा असते? आजी-आजोबांना विचारा, लिहून घ्या. दोन भावंडांना दोन भाषांत लिहावेसे वाटले तर तसे पाठवा, आम्ही शेजारी शेजारी छापू.

पालकांना एकच विनंती. मूल लिहीत असताना पाठीमागे उभे राहून शब्द सुचवू नका. लिहून झाल्यावर मात्र त्याला ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि आजीला जवळ बसवा.