घाम कोणाचा, मैदान कोणाचे?

भारतीय क्रिकेट संघाने २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जे करून दाखवले, त्याचे कौतुक करताना समाजवाद्यांनी संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. क्रिकेट म्हणजे साहेबाने मागे ठेवलेला खेळ आणि जनतेला पाजलेली अफू, एवढे म्हणून हात झटकणारे काही साथी आपल्यात आहेत. हे सोवळेपण सोयीचे असले तरी त्याने प्रश्न सुटत नाही. जो खेळ चाळीतली, झोपडपट्टीतली आणि शेतमजुराच्या वस्तीतली मुले फळकुटाची बॅट करून खेळतात, तो खेळ आता साहेबाचा राहिलेला नाही. आमची तक्रार खेळाविषयी नाही, त्याच्या मालकीविषयी आहे. ही मालकी कशी चालते हे समजून घ्यायला त्या एका दौऱ्याइतका बोलका पाठ दुसरा सापडणार नाही.

प्रथम तारखा पाहाव्यात. २६ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्रीय कामगार संघटनांनी देशव्यापी संप पुकारला होता. त्याच दिवशी पंजाब-हरियाणाचे शेतकरी तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीकडे निघाले आणि ऐन थंडीत त्यांच्यावर पाण्याचे फवारे व अश्रुधूर सोडण्यात आला. दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, सिडनीत दौऱ्यातील पहिला एकदिवसीय सामना झाला. सामन्यापूर्वी दोन्ही संघ अनवाणी वर्तुळ करून उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना ही मानवंदना होती. थोड्याच वेळात दोन निदर्शक मैदानात शिरले. क्वीन्सलँड राज्यातील अदानी समूहाच्या कोळसा खाणीला भारतीय स्टेट बँकेने एक अब्ज डॉलरचे कर्ज देऊ नये, अशी मागणी त्यांच्या फलकावर होती. ही खाण ज्या भूमीवर आहे, तेथील मूळ रहिवाशांपैकी अनेकांचा तिला विरोध होता आणि ज्या बँकेकडून कर्ज घेण्याचा बेत होता, तिच्यात आपल्या देशातील कोट्यवधी सामान्य माणसांच्या ठेवी आहेत. म्हणजे त्या फलकाचा संबंध दोन्ही देशांच्या जनतेशी होता. तरीही निदर्शकांना बाहेर काढण्यात आले आणि खेळ पुढे सुरू झाला. मूळ रहिवाशांना वंदन करायला मैदान मोकळे होते, त्यांच्या जमिनीचा प्रश्न विचारायला मात्र नव्हते.

आता खेळाकडे वळू. एकदिवसीय मालिका भारताने १-२ अशी गमावली, वीस षटकांची मालिका २-१ अशी जिंकली. त्यानंतर कसोटी मालिकेत ॲडलेड येथे दुसऱ्या डावात संघ अवघ्या ३६ धावांत कोसळला. तेथून अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली मेलबर्नचा विजय मिळाला, सिडनीत शेवटच्या डावात १३१ षटके चिवटपणे तग धरून सामना वाचवला गेला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला ३२८ धावांचे लक्ष्य गाठून मालिका जिंकली गेली. ज्या मैदानावर यजमान संघ १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता, तेथे हे घडले. तेही प्रमुख गोलंदाज एकामागून एक जायबंदी झालेले असताना.

हा विजय मिळवणारे कोण होते? मोहम्मद सिराज हा हैदराबादच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा. दौऱ्याच्या प्रारंभीच त्याचे वडील वारले, तरी तो संघासोबत राहिला. सिडनीत प्रेक्षकांतून त्याला शिवीगाळ झाली, तेव्हा त्याने खेळ थांबवून पंचांकडे तक्रार केली आणि संघ त्याच्या पाठीशी उभा राहिला. पुढच्याच सामन्यात त्याने एका डावात पाच बळी घेतले. टी. नटराजन हा तमिळनाडूतील एका खेड्यातल्या श्रमिक कुटुंबातला. शार्दूल ठाकूर हा पालघरहून लोकलने मुंबईची मैदाने गाठणारा. ब्रिस्बेनचा विजय ज्यांच्या खांद्यांवर उभा राहिला, त्यांत ही नावे ठळक आहेत.

घाम एकाचा आणि मान दुसऱ्याचा, ही या खेळातील परंपरा जुनी आहे. १९११ साली अखिल भारतीय म्हणवणारा पहिला संघ इंग्लंडला गेला, तेव्हा कर्णधार पतियाळाचे महाराज होते आणि शंभराहून अधिक बळी घेतले ते पळवणकर बाळू यांनी. दलित समाजातील हे बाळू पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. त्यांच्या गोलंदाजीचा विटाळ कोणाला होत नसे, पण चहा मात्र त्यांना वेगळ्या पात्रात बाहेर मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. आज संस्थानिक गेले. त्यांच्या जागी मंडळाचे पदाधिकारी, पुरस्कर्ते आणि प्रक्षेपणाचे मक्तेदार आले आहेत.

नियामक मंडळाने विजयी संघाला ५ कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्यानंतर दोन आठवडे उलटण्यापूर्वीच याच मंडळाने त्या हंगामातील रणजी स्पर्धा होणार नसल्याचे कळवले. १९३४-३५ साली सुरू झालेली ही स्पर्धा महायुद्धातही थांबली नव्हती, ती प्रथमच खंडित झाली. सिराज घडला तो याच स्पर्धेत. २०१६-१७ च्या रणजी हंगामात त्याने ४१ बळी घेतले होते. महामारीचे कारण पुढे करण्यात आले. परंतु त्याच महामारीत २०२० ची आयपीएल परदेशी नेऊन खेळवण्यात आली आणि २०२१ ची एप्रिलमध्ये देशात सुरू झाली, ती खेळाडूंनाच लागण होईपर्यंत चालू राहिली. जिथे पैसा होता तिथे मार्ग निघाला. जिथे शेकडो अल्पपरिचित खेळाडूंची वर्षभराची मिळकत होती, तिथे निघाला नाही. बुडालेल्या मिळकतीची अंशतः भरपाई देण्याचा निर्णय व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडावे लागले.

यावर प्रश्न केला जाईल की, नटराजन तर छोट्या षटकांच्या स्पर्धांतूनच पुढे आला, मग त्यांना नावे का ठेवता? आमचा विरोध वीस षटकांना नाही. कामावरून परतलेल्या माणसाला तीन तासांत संपणारा खेळ आवडला तर त्यात वावगे काय? आमचा आक्षेप हा की, पाच दिवसांचा, पन्नास षटकांचा आणि वीस षटकांचा खेळ यांतला कोणता जगवावा आणि कोणता उपाशी ठेवावा हे केवळ विक्रीमूल्यावर ठरते. जून २०२२ मध्ये पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढे उत्पन्न असताना देशांतर्गत खेळ हा खर्चाचा नव्हे, तर इच्छेचा प्रश्न आहे.

विजयाचे पुढे काय झाले, तेही पाहू. ३१ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी संघाचे कौतुक केले आणि त्याच भाषणात २६ जानेवारीला तिरंग्याचा अपमान झाल्याचे दुःख व्यक्त केले. दिल्लीच्या सीमेवर दोन महिने बसलेल्यांचे दुःख त्यांना व्यक्त करावेसे वाटले नाही. ३ फेब्रुवारीला, परदेशी कलावंतांनी आंदोलनाची दखल घेताच, परराष्ट्र मंत्रालयाने निषेधाचे पत्रक काढले. आणि सचिन तेंडुलकर, विराट कोहली, अजिंक्य रहाणे यांच्यासह अनेक क्रिकेटपटूंनी ‘इंडिया टुगेदर’चा एकच सूर लावला. सिराजच्या पाठीशी उभा राहणारा संघ शेतकऱ्याच्या पाठीशी का उभा राहिला नाही? याचे उत्तर व्यक्तींच्या भित्रेपणात शोधू नये. सध्या खेळत असलेल्या भारतीय खेळाडूंची स्वतःची संघटना नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली संघटना केवळ निवृत्तांसाठी आहे. ज्याला संघटना नाही, तो कितीही धनवान असला तरी मालकाच्या मर्जीवर जगतो. अपवाद होते, नाही असे नाही. याच दौऱ्याच्या काळात बिशनसिंग बेदी यांनी दिल्लीच्या मैदानात अरुण जेटली यांचा पुतळा उभारण्यास विरोध करून प्रेक्षागृहावरील आपले नाव काढून टाकण्यास सांगितले. परंतु बेदी कोणाच्या करारात बांधलेले नव्हते.

आणि २४ फेब्रुवारी २०२१ रोजी या पाठाचा अखेरचा धडा मिळाला. अहमदाबादच्या मोटेरा येथील, पूर्वी सरदार पटेलांच्या नावे असलेल्या स्टेडियमला विद्यमान पंतप्रधानांचे नाव देण्यात आले. खेळपट्टीच्या एका टोकाचे नाव अदानी, दुसऱ्याचे रिलायन्स! त्या वेळी मंडळाचे सचिव केंद्रीय गृहमंत्र्यांचे चिरंजीव होते. सिडनीत ज्या नावाविरुद्धचा फलक मैदानाबाहेर काढला गेला, तेच नाव तीन महिन्यांत मैदानावर कोरले गेले. राजकारण आणि खेळ यांची सरमिसळ नको, असे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या दिवशी तोंड उघडले?

मंडळ म्हणते, आम्ही खासगी संस्था, सरकारचा पैसा घेत नाही. विधी आयोगाने एप्रिल २०१८ च्या अहवालात हा दावा खोडून काढला आहे. १९९७ ते २००७ या काळात मंडळाला सुमारे २,१६८ कोटी रुपयांची करसवलत मिळाल्याचे नमूद करून आयोगाने मंडळ माहिती अधिकाराच्या कक्षेत आणण्याची शिफारस केली. आपल्या मुंबईत वानखेडे स्टेडियमची जमीन राज्य सरकारची आहे. आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क पूर्वलक्षी प्रभावाने घटवले. हा जनतेचा पैसा नव्हे काय? तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात माहिती अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांपुरताच मर्यादित करण्यात आला. देशाचे नाव छातीवर मिरवणारा संघ निवडणारी संस्था देशाला हिशेब देण्यास बांधील नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. मंडळ माहिती अधिकाराखाली आलेच पाहिजे. खेळत्या खेळाडूंना, पंचांना आणि मैदानावर राबणाऱ्या कामगारांना संघटनेचा हक्क मिळाला पाहिजे. देशांतर्गत स्पर्धांसाठी प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा निश्चित वाटा राखून ठेवला पाहिजे. आणि गावोगावची, वॉर्डावॉर्डातली मैदाने बिल्डरांच्या व क्लबांच्या घशातून सोडवून मुलांना खुली झाली पाहिजेत. यांपैकी शेवटची मागणी तर कोणत्याही कायद्याची वाट न पाहता आपल्या शाखा उद्यापासून हाती घेऊ शकतात.

दिल्लीच्या सीमेवरील शेतकरी वर्षभर हटले नाहीत आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारला तिन्ही कायदे मागे घ्यावे लागले. त्यांच्यापाशी प्रक्षेपणहक्क नव्हते, पुरस्कर्ते नव्हते, संघटना होती. खेळ पुन्हा जनतेच्या हाती यायचा असेल तर त्यालाही दुसरा मार्ग नाही.