शिष्याने दिलेले नाव

भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून आपले नाव गाऊन सांगणारा अँथनी गोन्साल्विस आपणा सर्वांना पाठ आहे. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील ते नाव संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिन-गुरूचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. शिष्याने कृतज्ञतेने दिलेले नाव पडद्यावर विनोदासाठी वापरले गेले आणि आपण त्या विनोदावरच थांबलो.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली सासष्टीतील माजोर्ड्याचा. वडील तेथील चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ साली ते मुंबईस आले. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, म्हणजे हे स्थलांतर परक्या राज्यात होते. ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले, पुढे इतरांसाठी वाद्यमेळाची रचनाही करू लागले. पेटीवर सुचलेली चाल प्रत्येक वादकासाठी कागदावर उतरवणारा हा माणूस. श्रेयनामावलीत नाव बहुधा संगीतकाराचेच. राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले.

मला महत्त्वाचे वाटते ते १९५८ साली त्यांनी उभारलेले इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा. त्यासाठी त्यांनी रागांवर रचना केल्या. एक सारंगावर होती. ही अडचण साहित्याच्या विद्यार्थ्याला चटकन उमगेल. बृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य. पाश्चात्त्य स्वरसंघाताला मात्र षड्जासोबत गंधार लागतोच. मूळ भाषेत जो शब्द निषिद्ध, त्यावाचून लक्ष्यभाषेत वाक्यच उभे राहत नाही! याला मी भाषांतर म्हणतो, ‘फ्यूजन’ नव्हे. राग लिहून काढला की त्याची बढत संपते, हा आक्षेप खराच. पण तो प्रत्येक भाषांतरावर घेता येतो.

आपल्या संगीतलेखनाने घराणी मोजली, बंदिशी जपल्या. स्वर वाचायला शिकवणाऱ्याला गुरू म्हणताना मात्र ते अडखळले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मराठीने, उशिरा का होईना, आपले म्हटले. वाजवणाऱ्यापर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही. (तो कोकणी बोलणारा होता, ही सबब लंगडी आहे. आपले चित्रपटसंगीत तरी कोठे मराठीत होते?)

१९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर ते चित्रपटांकडे न वळता माजोर्ड्यालाच राहिले. जानेवारी २०१२ मध्ये ते वारले, तेव्हा मृत्युवार्तेतही आधी ते गाणेच आले.