दुधाच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका



मागच्या पंधरवड्यात एका वस्तीवर गेलो होतो. घरधनी रागावलेले. "साहेब, डेअरीचं मशीन खोटं बोलतं. दर पावसाळ्यात आमची फॅट पडते. आता गायच विकतो." वहिनी म्हणाल्या, "पावत्या आहेत की तारेला ओवलेल्या. चुलीत घालणार होते."

तीन वर्षांच्या त्या पावत्या आम्ही ओसरीवर महिन्यावार लावल्या. दुधाचा पगार मिळाला की पावतीचे काम संपले, असे आपण समजतो. पण तिच्यावर तारीख, वेळ, लिटर, फॅट सारे असते. तिन्ही वर्षी आषाढ-श्रावणात फॅट साडेतीनच्या खाली! गाय दर वर्षी वेगळ्या महिन्यात व्यालेली, म्हणजे कारण वेताचे नव्हे. त्या दिवसांत वैरण काय होती, ते वहिनींना पाठ होते: कडबा संपलेला, नुसते बांधावरचे कोवळे गवत. कोरडी वैरण कमी पडली की फॅट उतरते. तेव्हा मशीनला बोल लावण्याआधी गव्हाणीत पाहावे.

ही रीत जुनीच आहे. अमेरिकेच्या नौदलात १८४२ साली मॅथ्यू मोरी यांच्याकडे नकाशांच्या कोठाराचा कारभार आला. तिथे जहाजांच्या जुन्या रोजनिशा धूळ खात होत्या. त्यांतून त्यांनी वारे आणि सागरी प्रवाह वेचून काढले आणि १८४७ पासून नकाशे छापले. त्यांच्या आधाराने जहाजांचे प्रवासाचे दिवस वाचू लागले.

आपणही हे करावे. मात्र काही पथ्ये पाळावीत. सकाळ-संध्याकाळच्या पावत्या वेगळ्या लावा. संध्याकाळची फॅट बहुधा जास्त असते. दोन जनावरांचे दूध एकत्र घातले असेल, तर कोणाची फॅट पडली ते पावती सांगणार नाही. हरवलेल्या दिवसाचा आकडा संस्थेच्या नोंदवहीतून घ्या. नाही मिळाला तर जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. गुळगुळीत कागदावरची छपाई उडून जाते, म्हणून आकडे वहीत उतरवा. शेजारी वैरण आणि व्यायल्याची तारीख लिहा. घरातली शाळकरी मुले हे काम हौसेने करतील.

त्या घरी गाय विकणे तूर्त राहिले आहे. यंदा थोडा कडबा पावसाळ्यासाठी राखून ठेवला आहे. खरे-खोटे श्रावणातल्या पावत्याच सांगतील.