फौजेतून बडतर्फ झालेल्या जवानाचा मतदानाचा हक्क जातो का? कायदा काय सांगतो, आणि खरी अडचण कुठे आहे?

‘कोर्ट मार्शल होऊन घरी आला, आता त्याला मतदानही करता येणार नाही.’ गावाच्या पारावर आणि व्हॉट्सअॅपवर असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. भारतापुरतं तरी हे खरं नाही. नोकरी जाणं आणि नागरिकाचा हक्क जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मतदानाचा हक्क कधी जातो?

राज्यघटनेचं कलम ३२६ प्रौढ मतदानाचा हक्क देतं. मतदार यादीतून कोणाला वगळायचं, हे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १६ मध्ये लिहिलं आहे: भारताचा नागरिक नसलेली व्यक्ती, न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलेली व्यक्ती आणि निवडणुकीतल्या गैरप्रकारांमुळे अपात्र ठरलेली व्यक्ती. या यादीत ‘सैन्यातून बडतर्फ’ असा शब्द नाही.

१९५१ च्या कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मतदान करता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता हा त्याला अपवाद. म्हणजे अडवते ती कोठडी, डिस्चार्ज बुकातला शेरा नव्हे. शिक्षा भोगून माणूस बाहेर आला की मतदान केंद्राचं दार त्याला पुन्हा उघडं होतं.

अमेरिकेत काय होतं?

तिथे डिस्चार्जचे पाच प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत वाईट ‘डिसऑनरेबल’ हा फक्त जनरल कोर्ट मार्शलच देऊ शकतं. त्यानंतर संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही आणि माजी सैनिकांच्या बहुतेक सवलतींवर पाणी सोडावं लागतं. मतदानाचा निर्णय मात्र प्रत्येक राज्याचा कायदा करतो, आणि तोही डिस्चार्जचा प्रकार पाहून नव्हे, तर गुन्हा आणि शिक्षा पाहून. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत कैदीसुद्धा मतदान करतात. एकच शिक्षा झालेल्या दोन सैनिकांचे हक्क राहत्या राज्यानुसार वेगळे असू शकतात. त्या मानाने आपला नियम सुटसुटीत आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण निवडणूक लढवताना येते. १९५१ च्या कायद्याचं कलम ९ सांगतं की भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानी या कारणावरून बडतर्फ झालेला सरकारी सेवक पाच वर्षं निवडणूक लढवू शकत नाही. इथवर कोणाची हरकत नसावी. पण कलम ३३(३) नुसार गेल्या पाच वर्षांत बडतर्फ झालेल्या प्रत्येकाला, कारण कोणतंही असो, ‘मला या दोन कारणांवरून काढलेलं नाही’ असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावं लागतं.

सीमा सुरक्षा दलाचे जवान तेजबहादूर यादव यांचं प्रकरण आठवा. जेवणाच्या दर्जाबद्दल व्हिडिओ टाकल्यानंतर २०१७ मध्ये ते शिस्तभंगावरून बडतर्फ झाले. २०१९ मध्ये त्यांनी वाराणसीतून अर्ज भरला. प्रमाणपत्र आणण्यासाठी त्यांना जेमतेम एक दिवस मिळाला आणि १ मे रोजी अर्ज बाद झाला. पुढे उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दाद दिली नाही.

उमेदवाराला कायदा माहीत असायला हवा, त्याने आधीच अर्ज करायला हवा होता, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण बडतर्फीचं कारण सर्वांत आधी कोणाला माहीत असतं? काढणाऱ्या खात्याला. मग बडतर्फीच्या आदेशातच ‘कलम ९ लागू’ किंवा ‘लागू नाही’ अशी एक ओळ का नसावी? आपण देशद्रोही नाही, हे सिद्ध करायला शिस्तभंगाची शिक्षा झालेल्या माणसाने दिल्लीचे उंबरठे का झिजवावेत? एका ओळीने हा प्रश्न सुटतो, आणि कलम ९ ची धारही कमी होत नाही.

सन्मानाने परतणाऱ्यांनी काय करावं?

हक्क असूनही मतदान हुकण्याचं कारण अनेकदा साधं असतं: नाव यादीत नसणं. नोकरीत असताना जवानाचं नाव ‘सेवा मतदार’ म्हणून वेगळ्या भागात असतं. सेवा संपली की तो दर्जा संपतो आणि राहत्या पत्त्यावर फॉर्म ६ भरून नव्याने नोंदणी करावी लागते. पती किंवा पत्नीचं नावही सेवा मतदार म्हणून असेल, तर त्यांनाही हेच करावं लागतं.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना सेवेत कायम ठेवलं जाईल, बाकीचे घरी परततील. साताऱ्या-कोल्हापुरातल्या गावांत अशी मुलं येतील, तेव्हा त्यांचा सत्कार जरूर करा. पण हार घालून झाला की त्यांच्याकडून फॉर्म ६ही भरून घ्या.